दस्त्याला भोक न पाडता

४ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार.

माझं पत्र म्हणजे काहीतरी काम निघालं असणार, हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असेल. बरोबर ओळखलंत.

तुमचा भाऊ आता काठी घेऊन चालतो. डावा हात अजून नुसता खांद्याला लटकलेला आहे आणि डावा पाय फरपटत येतो, पण बोलणं अगदी पहिल्यासारखं झालंय. किती पहिल्यासारखं ते सांगते. दवाखान्यात मी महिनाभर यांना चमच्याने सूप भरवत होते. जीभ वळायला लागली त्या दिवशी नेमकी यांच्या नेमबाजीच्या क्लबची मंडळी भेटायला आली होती. त्यांच्यासमोर यांचं पहिलं अख्खं वाक्य : "यम दारापर्यंत आला होता, पण उशाशी ही बसलेली बघून घाबरून पळाला." सगळे हसले. नर्ससुद्धा हसली. चमचा माझ्या हातात होता. मीही हसले.

आता काम. जानेवारीत क्लबचा वार्षिक सामना आहे. जुन्या सभासदांना खुर्चीत बसून, टेबलावर बंदूक टेकवून मारता येणार आहे. यांनी नाव दिलंय. बंदूक तीच, तुमच्या बाबांची छऱ्यांची, लाकडी दस्त्याची. फाटकापासून रेंजपर्यंत स्वतः चालत जायचं, असा हट्ट आहे. एका हाताचा उपयोग नाही, दुसऱ्यात काठी. मग बंदूक खांद्यावरच हवी, म्हणजे तिला पट्टा हवा. क्लबचा दुरुस्तीवाला म्हणाला, दस्त्याला दोन भोकं पाडू आणि कड्या बसवू, अर्ध्या तासाचं काम. हे असे काही ओरडले की जणू त्यांच्याच मांडीला भोक पाडणार होते. "बाबांच्या लाकडाला आरी लागली तर याद राखा!"

तुमचं चामड्याचं दुकान आहे. भोक न पाडता पट्टा बसतो का?

तुमची वहिनी

१२ नोव्हेंबर

वहिनी,

बसतो. न बसायला काय झालं? बाबांनी मला आरी धरायला शिकवली तेव्हा तुझा नवरा दुकानात चामड्याचे तुकडे चघळत रांगत होता.

यमाचं वाचून मी दुकानात एकटीच हसत सुटले. गिऱ्हाईकाला वाटलं, म्हातारी बिघडली. त्याची जीभ शाबूत आहे ना, मग बाकीचं सगळं येईल मागून. तू मनावर घेऊ नकोस. लहानपणापासून तो असाच आहे, ज्याच्यावर जीव त्याचीच टिंगल.

हे बघ. दस्त्याच्या मागच्या जाड भागावर चामड्याची खोळ चढवायची. खालून नाडीने आवळायची, बुटासारखी. आतून दाबलेल्या लोकरीचा मऊ नमदा, म्हणजे लाकडाचं पॉलिश घासणार नाही. खोळीलाच कडी शिवलेली. पुढचा पट्टा लाकडावर बांधायचा नाही. दस्त्याला खालून जी लांब खाच आहे, त्यातून बंदूक भरतानाचा दांडा सरकतो. तिथे पट्टा आला की दांडा अडकेल. म्हणून पुढे नळीला एक चामड्याचं कडं आणि त्याला हुक. भरायच्या आधी हुक काढायचा.

मला मापं पाठव. दस्त्याचा घेर टोकाशी आणि त्याच्या वीतभर पुढे. नळीचा घेर. आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून छातीवर आडवी दोरी टाकून डाव्या कुशीपर्यंत किती भरते ते. शाळेच्या दप्तरासारखा पट्टा आडवा जाईल. डावा खांदा उतरलेला असेल, त्यावर काही टिकणार नाही.

एक विचारते. ती बंदूक नळी मोडून भरायची. एका हाताने दस्ता घट्ट धरायचा, दुसऱ्याने नळी खाली दाबायची. मलाही दोन हातांनी जोर लावावा लागायचा. हा एका हाताने भरणार कशी?

ताई

२३ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून माझं बोट मिलिमीटर ओळखतं, तेव्हा शंका नको. खांद्याचं माप घेताना हे म्हणाले, "शिंप्याकडे नेतेस का सुताराकडे, ते आधी सांग." शेजारचे निवृत्त पोस्टमन बसले होते. त्यांना एवढं हसू आलं की चहा नाकातून आला.

बंदूक मी कपाटातून काढली तर म्हणाले, "हळू, ती बायकांना चावते." लग्न झाल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. केवढी जड आहे हो. मला वाटलं होतं, एवढा गाजावाजा आहे तर पिसासारखी असेल.

भरण्याचं तुम्ही विचारलंत. मी ते यांना विचारलं नाही. यांनी क्लबला लेखी कळवलंय की मला कोणाची मदत नको, बंदूक आणणार मी, भरणार मी, मारणार मी. क्लबवाल्यांनी ते पत्र फलकावर लावलं. लोक येता-जाता वाचतात आणि वा म्हणतात. आता त्यात मी काय बोलणार? बंदुकीतलं मला काय कळतं, हे यांनी मला पुष्कळदा सांगितलेलं आहे.

तुमची वहिनी

५ डिसेंबर

वहिनी,

पार्सल आज टाकलं. वर पट्टा आहे, खाली दुसऱ्या कागदात एक खिसा आहे. दोन्हींचं नीट वाच.

पट्टा. खोळ आधी हाताने मळून मऊ कर, मग दस्त्यावर चढव. नाडी खालून वर आवळत जा. पहिल्या दिवशी कच्ची बांध. चामडं रात्रभरात ताणतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळ. कुठेही गोंद लावू नकोस, पॉलिश जाईल. छातीवर येणारं बक्कल मी दाबून सुटणारं लावलंय, अंगठ्याने दाबलं की पट्टा मोकळा. म्हणजे डोक्यावरून काढायची कसरत नको.

आता खिसा. भरायचा प्रश्न डोक्यातून जाईना. कोपऱ्यावरच्या खेळाच्या दुकानातून तसलीच बंदूक मागून आणली, डावा हात कमरपट्ट्यात अडकवला आणि बसले खुर्चीत. दस्ता मांडीवर ठेवला तर घसरतो. पायांत धरला तर माझे दोन्ही पाय धड आहेत म्हणून धरला जातो, त्याचा एकच. शेवटी बुटाच्या तळव्याचं जाड चामडं घेतलं आणि दस्त्याचं टोक घट्ट बसेल असा खिसा शिवला. त्याला दोन पट्टे आहेत. खुर्चीच्या पुढच्या पायाला खिसा बांधायचा, दस्ता त्यात उभा खोचायचा आणि उजव्या हाताने नळी बाहेरच्या बाजूला खाली ओढायची. मोडते! मी इतक्या वेळा भरली की खांदा अजून ठणकतो. दुकानाच्या मागच्या भिंतीवर टाचलेला पुठ्ठा चाळण झालाय. बाबांनी बंदूक मला दिली असती तर, असं क्षणभर मनात आलं. असो. मुलगा होता, त्याला दिली.

खिशाशी त्याला दहा-बारा दिवस तरी सराव करू दे. रुसला तर सांग, ताईने पाठवलाय. मग घेईल.

ताई

१६ डिसेंबर

ती. वन्संना नमस्कार.

पट्टा मिळाला आणि बसलासुद्धा. तुमच्या हाताला तोड नाही. खोळ मी दोन दिवस मळली, टीव्ही बघता बघता. तुम्ही लिहिलंत तसंच झालं, सकाळी नाडी सैल पडली होती. पुन्हा आवळली तेव्हा चामडं लाकडावर असं बसलं की मूळचंच वाटावं. नळीचं कडं किंचित फिरत होतं, त्याला आतून रबराची पातळ पट्टी लावली. चष्म्याच्या नाकाच्या गाद्यांचं रबर, दुकानात पडलेलं असतं.

काल यांनी बंदूक अंगावर घातली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. वाटेत जो भेटेल त्याला पट्टा दाखवत होते. "माझ्या बहिणीने केलाय, एकही भोक न पाडता." मी एक पाऊल मागून चालत होते, पडले तर धरायला. पोस्टमननी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय केलंत यात?" हेच मधे म्हणाले, "तिने पार्सलाची दोरी कापली."

दारात आल्यावर अंगठ्याने बक्कल दाबलं. पट्टा सुटला, बंदूक अलगद कुशीत आली. इतके खूश यांना मी आजारपणानंतर पाहिलं नव्हतं.

तुमची वहिनी

२२ डिसेंबर

वहिनी,

पट्ट्याचं कळलं. खिशाचं काय? पत्रात अवाक्षर नाही. खुर्चीला बांधून पाहिलास का? नळी पुरती मोडतो का तो? अर्धवट मोडून हात सुटला तर नळी उसळून वर येते, तोंड फुटेल. सामना तोंडावर आलाय. उलट टपालाने कळव.

ताई

१० जानेवारी

ती. वन्संना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. सामन्याची धांदल होती. सामना रविवारी झाला. सगळं सविस्तर लिहिते, कारण हे काही लिहायचे नाहीत.

फाटकाशी रिक्षा थांबवली आणि तिथून हे एकटे निघाले, अंगावर आडवा पट्टा, पाठीशी बंदूक. लोक दोन्ही बाजूंनी उभे राहून टाळ्या वाजवत होते. सेक्रेटरींनी माइकवर यांचं ते पत्र वाचलं. मग माइक यांच्याकडे दिला. तुम्हाला तुमचा भाऊ माहीत आहे, माइक मिळाला आणि गप्प बसला असं झालंय का कधी? म्हणाले, "आयुष्यात माझा एकच नेम वाया गेला. घरी बसलीय ती. पाळणा काही हलला नाही!" मी घरी नव्हते, पहिल्या रांगेत होते. लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग हसले.

खुर्चीत बसले. बक्कल दाबलं, हुक काढला, सगळं झकास. सगळ्यांना पट्टा फार आवडला. मग दस्ता डाव्या मांडीवर ठेवून नळी दाबायला लागले. पाय घसरला, दस्ता सरकला, नळी अर्धी मोडून उसळली आणि हनुवटीवर बसली. लोकांना वाटलं, ही यांची नवी नक्कल आहे. हशा पिकला. हेही हसले. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" तिसऱ्यांदा बंदूक हातातून सुटून फरशीवर पडली. हनुवटीवरून रक्त येत होतं तरी लोक हसतच होते. त्यांचं तरी काय चुकलं? एवढी वर्षं यांनी त्यांना तशी सवय लावलेली.

मग यांनी माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "अगं, जरा धर ना." माइक चालूच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

मी जागेवरून म्हटलं, "मला बाई बंदुकीतलं काय कळतं?"

वन्सं, एवढा हशा त्या क्लबात यांच्याही विनोदाला कधी पडला नसेल.

सेक्रेटरी पुढे आले तर यांनी मानेनेच नको म्हटलं. माइकवर पुढचं नाव पुकारलं. येताना बंदूक मी आणली. पट्टा खरोखर सोयीचा आहे, खांद्याला जाणवतसुद्धा नाही. आता यांच्या खाटेसमोरच्या खुंटीला तिला पट्ट्यानेच टांगून ठेवलीय, झोपल्या झोपल्या दिसते.

आणि तुम्ही खिसा खिसा लिहिता तो कुठला? पार्सलात पट्टा होता. फक्त पट्टा. तुम्ही करायचा ठरवला असेल आणि ठेवायला विसरला असाल. वय झालं की होतं असं.

तुमची वहिनी

१७ जानेवारी

वहिनी,

मी विसरले? स्वतःच्या हाताने शिवलेला खिसा मी स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळला, पट्ट्याच्या खाली ठेवला, वरून दोरी बांधली. पाच डिसेंबरच्या पत्रात सगळं लिहिलंय, ते पत्र तर मिळालं ना? त्यातलं पट्ट्याचं सगळं तुला कळलं, नाडी पुन्हा आवळायचीसुद्धा, आणि खिशाचंच तेवढं दिसलं नाही? तू लपवलास. माझ्या भावाला चारचौघांत तोंडघशी पाडायला लपवलास. दोन शब्द गमतीने बोलला असेल तो. नवऱ्याच्या थट्टेचा कोणी असा सूड घेतं? कसाई बरा, तो निदान एका घावात मारतो. तुझ्या पोटी मूल आलं नाही ते त्या मुलाचं नशीब.

मी येते आणि त्याला घेऊन जाते. भावाला सांभाळायला माझे हात अजून धड आहेत. त्यालाही वेगळं पत्र टाकलंय, त्यात खिशाचं सगळं लिहिलंय. कळू दे त्याला, उशाशी कोण बसतं ते.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

अक्षर मोठं आणि वाकडं आलंय, सांभाळून घे. चष्म्याशिवाय लिहितोय. ती कामावर जाताना माझा चष्मा वरच्या फळीवर ठेवून जाते. फुटू नये म्हणून, असं म्हणते. हे पत्र पोस्टमन टाकतील, ते कोणाला काही विचारत नाहीत.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, तिची आणि माझी, म्हणजे तिने मला वाचून दाखवली. एकही शब्द गाळला नाही. कसाईही वाचला, मूलही वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. मग पाकिटात परत घालून मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, होता का खिसा?"

मी म्हटलं, "ताई विसरली असेल."

ताई, तू विसरली नाहीस, मला माहीत आहे. जुन्या चादरींच्या कपाटातून डिसेंबरभर तळव्याच्या चामड्याचा वास येत होता. आपण दोघं त्या वासात वाढलो. तो कशाचा आहे ते तुझ्या पत्रावरून कळलं, पण काहीतरी लपवलंय हे तेव्हाच कळलं होतं. घरी ती नसताना बंदूक भरून पाहिली होती, जमली नव्हती. पण क्लबला कळवून बसलो होतो, फलकावर लागलं होतं. वाटायचं, शेवटच्या दिवशी पिशवीतून काढून देईल ती, जे काय असेल ते. माइकवर बोलत होतो तेव्हाही माझं लक्ष तिच्या पिशवीवर होतं.

ती मला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, आवाज चढवत नाही. चालायला जमतं, पण खाटेवरून उठायला मला तिचा हात लागतो. हाक मारली की येते. फक्त हातातलं काम संपवून येते. माणसाला बाथरूमला जायचं असेल तर तेवढंही पुरतं. तुझं पत्र आल्यापासून हातातली कामं वाढलीत. काल पाहुणे बसले होते आणि माझी चादर ओली झाली. ती त्यांना म्हणाली, "यांचा नेम हल्ली जरा बिघडलाय." सगळे हसले. मीही हसलो.

तू घेऊन जाईन म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. दोन आठवडे वाट पाहिली. तुलाही सुचलं असेल, म्हणूनच आली नाहीस. तुझी खोली दुकानाच्या वर आणि मधे ती लाकडी शिडी. मला वर नेणार कोण? आणि खाली दुकानातच ठेवलंस तरी मला उठवणार, बसवणार, पँटचं बटण लावणार, हे तुझ्या वयाला झेपेल? मला तिच्याजवळच राहायचंय. दुसरीकडे कुठे?

म्हणून एक कर. तिला लिही की तू विसरलीस. माफी माग आणि नीट माग. वरवरची माफी तिला लगेच कळते, आयुष्यभर मी तिच्याकडे तसलीच मागत आलो. मी हे लिहिल्याचं कुठे येऊ देऊ नकोस. मला उत्तर टाकू नकोस, ते तिच्याच हातात पडेल.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी, अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला लाज वाटते आहे, पण लिहिलं नाही तर घास गिळवणार नाही. काल दुकान झाडायला काढलं. शिवणाच्या यंत्रामागे, भिंतीला लागून, कागदात गुंडाळलेला तो खिसा सापडला. जसाच्या तसा. पार्सल बांधायच्या गडबडीत मीच खाली पाडला असणार आणि ठेवला अशी मनाची समजूत करून घेतली. तू लिहिलं होतंस तेच खरं. वय झालं.

तुला मी जे बोलले ते कुत्र्यालाही कोणी बोलू नये. मुलाचं बोलले, ते तर माझी जीभ झडली तरी फिटणार नाही. खरं सांगू का, माझा भाऊ चारचौघांत तुझ्यावर हसायचा तेव्हा मीही हसायचे. तेवढं तरी मी खोटं लिहीत नाही. बाकीही खोटं नाहीच.

त्याला घेऊन जाईन असं रागाच्या भरात लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस. तो तुझा आहे. तू जशी त्याची सेवा करतेस तशी मला जन्मात जमली नसती. तू बोलावशील तेव्हाच मी येईन. नाही बोलावलंस तरी समजेन.

खिसा आता कोणाला नको. आजच उसवून टाकला, चामडं एकाच्या बुटांच्या तळव्यांना लागलं. तेव्हा तो विषय कायमचा संपला. तुझ्या घरी शोधाशोध करायची गरज नाही.

त्याला मी वेगळं लिहीत नाही. हे पत्र वाचून दाखव, सगळं, एकही शब्द गाळू नकोस. आणि मग तूच तुझ्या तोंडाने त्याला सांग, ताई विसरली होती.

तुझी
ताई